पोलीस ठाण्याच्या साधनसामग्रीसाठी शासकीय निधी : प्रस्ताव परत येऊ नये यासाठी नागपूर जिल्ह्यापुरते सविस्तर मार्गदर्शन

पोलीस ठाण्यासाठी कॅमेरे, बिनतारी संच, श्वास विश्लेषक किंवा वाहन हवे असे सर्वांनाच वाटते. तरीही दरवर्षी अनेक प्रस्ताव त्रुटी लावून परत पाठवले जातात आणि मार्चअखेरीस तरतूद समर्पित (न वापरता शासनाला परत) करावी लागते. गरज खोटी असते म्हणून असे घडत नाही. बहुतेक वेळा क्रम उलटा झालेला असतो. आधी पुरवठादाराचे दरपत्रक मिळवले जाते, त्यावरून रक्कम ठरते, रकमेवरून गरज लिहिली जाते आणि शेवटी हे कोणत्या लेखाशीर्षात (अर्थसंकल्पातील खर्चाच्या सदरात) बसवायचे याचा शोध सुरू होतो. हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. ठाणेदार, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयातील लेखा व भांडार शाखेचे कर्मचारी आणि अशा मागणीचा पाठपुरावा करणारे लोकप्रतिनिधी यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

१. मागणारा कोण आणि दार कोणते, हे आधी ठरवा

पोलीस हा राज्य सूचीतील विषय आहे. त्यामुळे ग्रामपंचायत, व्यापारी संघ किंवा रहिवासी संस्था अर्जदार होऊ शकत नाही. ती ठराव देऊ शकते आणि गरज मांडू शकते, परंतु प्रस्ताव कार्यान्वयन यंत्रणेकडूनच (काम प्रत्यक्ष राबवणाऱ्या कार्यालयाकडूनच) जावा लागतो. नागपूर जिल्ह्यात अशा यंत्रणा एकाहून अधिक आहेत. शहरासाठी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागासाठी पोलीस अधीक्षक (नागपूर ग्रामीण) आणि रेल्वे हद्दीसाठी लोहमार्ग पोलीस अधीक्षक आहेत. तालुका आणि पोलीस हद्द एकच असते असे गृहीत धरल्याने येथे चूक होते. कामठी हे तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथील ठाणी शहर आयुक्तालयात मोडतात, त्यामुळे कामठीसाठीचा ठराव ग्रामीण अधीक्षकांच्या नावे पाठवला तर तो आवक नोंदीपलीकडे सरकत नाही.

निधीची दारे मुख्यतः चार आहेत. पहिले आणि जिल्हा पातळीवर सर्वांत व्यवहार्य दार म्हणजे जिल्हा वार्षिक योजना (सर्वसाधारण). तिचा आराखडा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीपुढे जातो आणि प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. दुसरे दार गृह विभागाच्या राज्य अर्थसंकल्पाचे आहे. तेथे मागणी घटक कार्यालयाकडून (आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयाकडून) वरिष्ठांमार्फत पोलीस महासंचालक कार्यालयात आणि तेथून मंत्रालयात जाते. तिसरे दार केंद्राच्या पोलीस दल आधुनिकीकरण योजनेचे आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी केंद्राने मंजूर केलेल्या २६,२७५ कोटी रुपयांच्या एकत्रित योजनेत राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाचा वाटा ४,८४६ कोटींचा होता, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६०:४० असते. चौथे दार खासदार व आमदार स्थानिक विकास निधीचे आहे. तेथे मागितलेली वस्तू चालू मार्गदर्शक सूचनांतील अनुज्ञेय बाबींत बसते का, हे जिल्हा नियोजन कार्यालयातून आधीच विचारून घ्यावे.

तिसऱ्या दाराबाबत गैरसमज सर्वांत जास्त आहेत. केंद्राच्या योजनेत ठाणे किंवा जिल्हा थेट दिल्लीला अर्ज करू शकत नाही. राज्य आपला वार्षिक कृती आराखडा केंद्रीय गृह मंत्रालयाकडे सादर करते आणि तेथील उच्चाधिकार समिती तो मंजूर करते. जिल्ह्याच्या हाती एवढेच असते की राज्याचा आराखडा तयार होण्यापूर्वी आपली मागणी विहित तक्त्यात महासंचालक कार्यालयात पोहोचलेली असावी. आराखडा गेल्यानंतर पाठवलेले पत्र कितीही कळकळीचे असले तरी पुढच्या वर्षापर्यंत पडून राहते.

सावधान : निर्भया निधीतील ‘सेफ सिटी’ प्रकल्पाच्या पहिल्या आठ शहरांत महाराष्ट्रातून केवळ मुंबई होती. नागपूरच्या प्रस्तावात त्या योजनेचा आधार घेतलेला अधूनमधून दिसतो, आणि संपूर्ण संचिका परत येण्यास तेवढे एक वाक्य पुरते.

२. गरज आकड्यांत आणि कर्तव्याशी जोडून मांडा

‘ठाण्याची हद्द मोठी असून गुन्ह्यांचे प्रमाण वाढत आहे, तरी साधने मिळणेस विनंती आहे’ हे वाक्य कोणत्याही ठाण्याला लागू पडते, म्हणूनच छाननी करणारा ते वाचून पुढे जातो. गरजेच्या टिपणीत चार गोष्टी हव्यात : सध्या कोणती साधने आहेत, त्यांपैकी किती चालू स्थितीत आहेत, कोणते काम त्यांच्या अभावी होत नाही, आणि ते काम कोणत्या कायद्याने किंवा आदेशाने बंधनकारक आहे.

शेवटच्या मुद्द्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, वास्तविक प्रस्तावाला बळ तेथूनच मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते. कलम १७६(३) सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद करते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य (नोंदीत फेरफार झाला का हे ओळखण्याचा सांकेतिक क्रमांक) द्यावे लागते. म्हणून चित्रीकरणाची उपकरणे, घटनास्थळ तपासणी संच आणि पुरावा साठवण्याची सोय यांची मागणी या कलमांशी जोडावी. गेल्या वर्षात आपल्या ठाण्यात किती झडत्या झाल्या आणि त्यांपैकी कितींचे चित्रीकरण कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर करावे लागले, ही संख्या ठाणे दैनंदिनी आणि गुन्हे नोंदवहीतून काढून द्यावी. असे एक पान दहा पानांच्या प्रास्ताविकापेक्षा अधिक काम करते.

हद्दीचे वैशिष्ट्य लिहायचे असेल तर ते साधनाशी जोडलेले असावे. देवलापार ठाण्याची हद्द राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या जंगलपट्ट्याची आहे, त्यामुळे तेथे बिनतारी संपर्काची व्याप्ती हा खरा मुद्दा ठरतो. दीक्षाभूमी परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनी होणाऱ्या गर्दीसाठी तात्पुरते कॅमेरे, ध्वनिक्षेपक व अडथळे अधिक महत्त्वाचे असतात. दोन्ही ठाण्यांची यादी एकसारखी असेल तर ती एकमेकांवरून उतरवलेली आहे, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

तपासणी : मागितलेली वस्तू दुसऱ्या योजनेतून आधीच मिळालेली किंवा मंजूर झालेली नाही ना? नागपुरात स्मार्ट सिटीअंतर्गत रस्त्यांवर व चौकांत कॅमेरे बसवलेले आहेत आणि ठाण्यांतील अंतर्गत कॅमेऱ्यांची खरेदी राज्य पातळीवरही होते. द्विरुक्ती नसल्याचा दाखला घटकप्रमुखांच्या स्वाक्षरीने जोडावा, परंतु त्याआधी खरोखर चौकशी करावी. हा दाखला पुढे लेखापरीक्षणात उघडून पाहिला जातो.

३. दरपत्रक मागण्यापूर्वी तांत्रिक विनिर्देश तयार करा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. विनिर्देश (वस्तू नेमकी कशी हवी याचा तांत्रिक तपशील) चुकले तर मंजुरी मिळूनही निरुपयोगी वस्तू येते, आणि त्या वस्तूसाठी पुन्हा निधी मागता येत नाही.

ठाण्यातील सीसीटीव्हीचे उदाहरण घेऊ. परमवीर सिंह सैनी विरुद्ध बलजीत सिंह या प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, स्वागत कक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरचा भाग आणि आवार असा ठाण्याचा कोणताही भाग सुटणार नाही अशा प्रकारे कॅमेरे बसवण्यास सांगितले. रात्रीच्या चित्रीकरणाची सोय आणि ध्वनिमुद्रणही आवश्यक ठरवले. नोंदी १८ महिने जपाव्यात आणि तशी उपकरणे उपलब्ध नसतील तर शक्य तितका अधिक काळ, मात्र किमान एक वर्ष जपाव्यात, असा आदेश आहे. आता हिशेब करा. एका कॅमेऱ्याचे चित्रीकरण सतत दोन मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने साठवले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. सोळा कॅमेऱ्यांना सुमारे ३४६ जीबी. वर्षभरासाठी ही गरज सुमारे १२६ टीबी आणि १८ महिन्यांसाठी सुमारे १८९ टीबी होते, आणि डिस्क बिघडल्यास नोंद वाचावी म्हणून ठेवावयाची जादा क्षमता त्यात धरलेली नाही. ‘सोळा कॅमेरे आणि चार टीबीचा रेकॉर्डर’ असा प्रस्ताव पाठवणाऱ्याने दोन आठवड्यांच्याही नोंदीची सोय केलेली नसते. खर्चाचा मोठा भाग साठवणुकीत आहे, कॅमेऱ्यात नाही, हे एकदा समजले की अंदाजपत्रकाचा चेहराच बदलतो. त्याच्याशी जोडून अखंड वीजपुरवठ्याची सोयही लिहावी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे रेकॉर्डर पत्र्याच्या खोलीत ठेवणार असाल तर उपकरणाची कार्यतापमान मर्यादा आणि खोलीतील थंडाव्याची व्यवस्था हाही विनिर्देशाचाच भाग आहे. कॅमेऱ्यांसाठी एसटीक्यूसी (केंद्र शासनाची चाचणी व प्रमाणन यंत्रणा) चाचणीचा दाखला मागण्याची अट विसरू नये.

वाहतूक शाखेच्या साधनांना वेगळे नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७अ नुसार वेगमापक, वेग कॅमेरे, अंगावरील कॅमेरे, वाहनातील कॅमेरे व क्रमांकपट्टी ओळखणारी यंत्रणा यांच्या आधारे चलन काढायचे असेल तर त्या उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. हे नूतनीकरण कोण करून देणार, याची अट विनिर्देशात नसेल तर दुसऱ्या वर्षी उपकरण चालू असते आणि चलन मात्र न्यायालयात टिकत नाही. श्वास विश्लेषकाच्या बाबतीत नियतकालिक अंशशोधन (मोजमाप अचूक आहे का याची ठरावीक काळाने तपासणी) आणि मुखनलिकांचा पुरवठा या दोन बाबींचा उल्लेख असावा.

बिनतारी संच घेण्यापूर्वी पोलीस बिनतारी संदेश विभागाचा अभिप्राय घ्यावा, कारण जिल्ह्याच्या जाळ्याशी न जुळणारा संच कितीही आधुनिक असला तरी मुका राहतो. वाहनावर ११२ या आपत्कालीन क्रमांकावरील कॉलची माहिती दाखवणारे फिरते उपकरण बसवायचे असेल तर तेही प्रचलित यंत्रणेशी जुळणारे असावे.

ड्रोन मागण्याचा उत्साह सध्या सर्वत्र आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. ड्रोन नियम २०२१ नुसार नोंदणी क्रमांक आणि, वजन व वापरानुसार, दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हरित क्षेत्र (पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येणारे क्षेत्र) नसते. सोनेगाव विमानतळामुळे दीक्षाभूमीसह शहराचा मोठा भाग या अंतरात येतो. तेव्हा उड्डाणाची परवानगी कशी घेणार आणि प्रशिक्षित कर्मचारी कोण, हे प्रस्तावातच लिहावे. ते लिहिता येत नसेल तर ड्रोनऐवजी दुसरे काहीतरी मागणे शहाणपणाचे आहे.

सावधान : विनिर्देशात कंपनीचे नाव किंवा एकाच कंपनीला लागू पडेल असे मोजमाप टाकू नये. पुरवठादाराने दिलेले माहितीपत्रक जसेच्या तसे उतरवण्याची सवय येथे अंगाशी येते.

४. अंदाजपत्रक : वस्तूच्या किमतीबरोबर तिच्या आयुष्याचा खर्च

जेम या केंद्राच्या शासकीय खरेदी संकेतस्थळावरील दर, अलीकडील शासकीय पुरवठा आदेशांतील दर आणि बाजारातील दरपत्रके अशा एकाहून अधिक आधारांवर अंदाजित किंमत काढावी आणि प्रत्येक आधाराची प्रत तारखेसह जोडावी. जीएसटी, वाहतूक, उभारणी, तारजोडणी, प्रशिक्षण आणि हमी कालावधीनंतरची देखभाल या बाबी स्वतंत्र ओळींत दाखवाव्यात. केबल टाकण्यासाठी बांधकाम लागणार असेल तर त्याचे अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाकडून घ्यावे, कारण लेखा शाखेने अंदाजाने लिहिलेली बांधकामाची रक्कम कोणी स्वीकारत नाही.

जिल्हा वार्षिक योजनेत आवर्ती (पुन्हा पुन्हा होणाऱ्या) खर्चाला जागा शोधणे कठीण असते. म्हणून वीज, इंटरनेट, इंधन व देखभाल यांचा खर्च घटक कार्यालय आपल्या नियमित तरतुदीतून भागवेल असे हमीपत्र जोडणे योग्य. वाहनाच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे : मंजूर वाहनसंख्येत जागा नसेल, किंवा जुन्या वाहनाचे निर्लेखन (वापरातून अधिकृतपणे काढणे) झालेले नसेल, तर केवळ निधी उपलब्ध असल्याने वाहन घेता येत नाही. निर्लेखनाचा आदेश हाती नसताना ‘बदली वाहन’ असा शब्द वापरूच नये.

५. संचिकेची रचना

छाननी करणारा लिपिक संचिका वरून खाली वाचतो आणि पहिली त्रुटी सापडली की तेथेच थांबून टिपणी लिहितो. म्हणून सहपत्रे पुढील क्रमाने लावावीत :

१. घटकप्रमुखांचे सादरीकरण पत्र, ज्यात योजना, लेखाशीर्ष, एकूण रक्कम आणि आर्थिक वर्ष पहिल्याच परिच्छेदात असेल.
२. गरजेची टिपणी आणि सध्याच्या साधनांचा तक्ता.
३. तांत्रिक विनिर्देश व तांत्रिक समितीचा किंवा संबंधित शाखेचा अभिप्राय.
४. अंदाजपत्रक व दरांचे आधार.
५. जागेचा नकाशा, द्विरुक्ती नसल्याचा दाखला आणि आवर्ती खर्चाचे हमीपत्र.
६. याच योजनेतून पूर्वी मिळालेल्या निधीची उपयोगिता प्रमाणपत्रे (निधी ठरल्या कामासाठी खर्च झाल्याचे दाखले).

शेवटचे सहपत्र शेवटी असले तरी अनुभवी नियोजन कार्यालय तेच आधी पाहते. जुन्या निधीचा हिशेब प्रलंबित असेल तर नवा प्रस्ताव पुढे सरकत नाही, म्हणून लेखा शाखेने हा हिशेब प्रस्तावाचे काम सुरू होण्याआधीच मिटवलेला बरा.

तपासणी : पत्रातील, टिपणीतील आणि अंदाजपत्रकातील एकूण रक्कम एकच आहे का? अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते का? आयपास या जिल्हा योजनेच्या संगणकीय प्रणालीत भरलेली रक्कम कागदावरील रकमेशी जुळते का? वस्तूंची संख्या प्रत्येक पानावर सारखी आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याने प्रस्ताव लिहिलेला नाही अशा कर्मचाऱ्याने द्यावीत.

६. वेळ : दिवाळीपूर्वी की नंतर

पुढील आर्थिक वर्षाच्या जिल्हा आराखड्यात बाब यायची असेल तर मागणी त्याआधीच्या पावसाळ्यात तयार व्हावी आणि दिवाळीपूर्वी जिल्हा नियोजन कार्यालयात पोहोचावी. नागपुरात याला एक खास कारण आहे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि त्याच्या कितीतरी आधीपासून पोलीस यंत्रणा बंदोबस्ताच्या आखणीत गुंतते. त्या काळात तांत्रिक समितीची बैठक लावणे, नकाशावर स्वाक्षरी मिळवणे किंवा त्रुटीपूर्तता करणे जवळपास अशक्य होते. अधिवेशन संपून सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत आराखड्याचे प्रारूप अंतिम होत आलेले असते. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असलेल्या वर्षी तर प्रशासकीय मान्यता व कार्यादेश यांच्या तारखा मागून पुढे मोजण्याऐवजी आचारसंहितेच्या संभाव्य तारखेपासून मागे मोजाव्यात.

प्रस्ताव दिल्यावर आवक क्रमांक घ्यावा आणि पाठपुराव्यासाठी एकच कर्मचारी नेमावा. त्रुटीपत्र आले की सर्व मुद्द्यांचे उत्तर एकाच पत्रात द्यावे. तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या उत्तरांमुळे संचिका प्रत्येक वेळी रांगेच्या शेवटी जाते.

७. मान्यतेनंतरची खरेदी

प्रशासकीय मान्यता मिळणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. बीम्स या राज्याच्या निधी वितरण प्रणालीवर निधी वितरित झालेला दिसला पाहिजे आणि मान्यतेतील बाब, संख्या व रक्कम यांपैकी काहीही बदलायचे असेल तर आधी सुधारित मान्यता घ्यावी लागते. ‘दर कमी आला म्हणून उरलेल्या पैशांत आणखी दोन संच घेतले’ हा युक्तिवाद लेखापरीक्षकापुढे टिकत नाही.

खरेदी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील खरेदी कार्यपद्धतीनुसार आणि तीत वेळोवेळी झालेल्या सुधारणांनुसार करावी. जेमवर वस्तू उपलब्ध आहे का हे आधी पाहावे, अन्यथा महाटेंडर्स संकेतस्थळावर ई-निविदा काढावी. ई-निविदेची मर्यादा टाळण्यासाठी एकाच गरजेचे तुकडे पाडून अनेक पुरवठा आदेश काढणे ही गंभीर अनियमितता आहे. वेगवेगळ्या ठाण्यांची नावे टाकल्याने ती झाकली जात नाही. निविदेत प्रशासकीय मान्यतेला जोडलेलेच विनिर्देश असावेत.

सावधान : फेब्रुवारीत निविदा काढून मार्चमध्ये माल येईल या आशेवर राहू नये. एखादी निविदा प्रतिसादाअभावी पुन्हा काढावी लागली तर वर्ष हातचे जाते. प्रशासकीय मान्यता मिळाल्याच्या महिन्यातच निविदेचा मसुदा तयार असावा.

८. माल स्वीकारणे, देयक आणि उपयोगिता

माल आल्यावर विनिर्देशातील प्रत्येक ओळ समोर ठेवून तपासणी समितीने तो पाहावा. सीसीटीव्हीच्या बाबतीत मागील तारखेची नोंद काढून पाहणे, वीज बंद करून बॅकअप तपासणे आणि ध्वनी ऐकू येतो का हे पाहणे एवढे तरी प्रत्यक्ष करावे. अनुक्रमांक, हमीची मुदत आणि वस्तू कोणत्या ठाण्याला दिली याची नोंद जडवस्तू नोंदवहीत घेतल्याशिवाय देयकावर प्रमाणपत्र लिहू नये.

३१ मार्चला निधी बुडू नये म्हणून माल येण्यापूर्वीच रक्कम काढून बँक खात्यात ठेवण्याचा मोह होतो. महाराष्ट्र कोषागार नियम १९६८ नुसार तातडीची गरज नसताना कोषागारातून रक्कम काढता येत नाही, आणि या एका कारणावरून आहरण व संवितरण अधिकाऱ्याला (कोषागारातून रक्कम काढून देयके भागवणाऱ्या अधिकाऱ्याला) पुढे बरीच वर्षे खुलासे करावे लागतात. माल वेळेत येणार नाही हे दिसताच उरलेली रक्कम लेखी समर्पित करावी आणि पुढील वर्षाच्या दायित्वात ती बाब नोंदवण्याची विनंती करावी. त्यात कमीपणा नाही. वेळेत समर्पित केलेल्या निधीचे पुनर्विनियोजन करून दुसऱ्या ठाण्याचे काम होऊ शकते.

उपयोगिता प्रमाणपत्र योजनेप्रमाणे वेगळ्या नमुन्यात असते. केंद्राच्या आधुनिकीकरण निधीसाठी राज्य शासनाकडून केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-सी नमुन्यात ते जाते, म्हणून घटक कार्यालयाने आपला तपशील महासंचालक कार्यालयाने मागितलेल्या तक्त्यात, देयक क्रमांक व दिनांकासह, खर्च होताच पाठवावा. प्रमाणपत्राबरोबर उभारणीचे छायाचित्र, नोंदवहीच्या पानाची प्रत आणि समितीचा अहवाल जोडून त्याची एक प्रत ठाण्यात ठेवावी. ठाणेदाराची बदली झाली तर कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत ही संचिका आणि उपकरणांचे प्रशासकीय पासवर्ड यांची नोंद स्वतंत्रपणे करावी.